बेघर खार आणि सुतारपक्ष्याची रिकामी ढोली

पोरांनो, रानातल्या झाडून साऱ्या प्राण्यांची भाषा मला येते! बरं, साऱ्यांची नाही, कावळ्याची येते. तीही भांडणापुरती. पण कावळा भांडणाशिवाय बोलतो कधी? त्यामुळे ही गोष्ट मला पुरती कळली.

एका रानात एक खार राहत असे. म्हणजे राहत होती, वादळात तिचं झाड आडवं होईपर्यंत! आता तोंडात एकुलतं पिल्लू धरून ती या फांदीवरून त्या फांदीवर वणवण करत होती. वर घार घिरट्या घालत होती. पिल्लू खाली ठेवलं की गेलंच म्हणून समजा.

पोटासाठी खार मुकादम मुंगीकडे काम मागायला गेली. तोंडात पिल्लू, बोलणार कशी? शेपटीनंच विनवणी केली. मुंगी म्हणाली, "राहतेस कुठं? ठावठिकाणा नसलेल्याला आम्ही रांगेत घेत नाही!" मग ती पळाली सुतारपक्ष्याकडे. हा गडी दर साली नवी ढोली कोरतो अन् जुनी तशीच सोडून देतो. तो चोच ताठ करून म्हणाला, "काम काय करतेस? बिनकामाच्याला मी ढोली देत नसतो!" झालं! खार परत मुंगीकडे, परत सुतारपक्ष्याकडे. दोघेही शहाणे, अन् मधल्यामध्ये हिचा जीव चाललाय!

घार खाली खाली येऊ लागली. तोच कावळा ओरडला, "काय रे सुतारदादा, तुझ्या जुन्या ढोलीत सध्या वारा राहतो. तो कुठं कामाला जातो?" माकडं फांद्या हलवून हसली. सुतारपक्षी डोक्यानं लाल होताच, आता मानेपर्यंत लाल झाला. "जा बाई, घुस आत!" खार सुळ्ळकन आत! घारीची झडप बसली नुसत्या सालीवर.

पिल्लू ढोलीत झोपी गेलं, तशी खार मोकळ्या तोंडानं मुंग्यांकडे धावली. तिथं एका पिकल्या चिंचेला अख्खी रांग झोंबत होती, पण टरफल काही फुटेना. खारीनं दात लावला, कट्ट! गोड गर उघडा पडला. मुंग्यांनी एकच गिल्ला केला. मुकादम मुंगी म्हणाली, "अगं बये, उद्यापासून टरफलं तूच फोडायची. वाटा बरोबरीचा!"

तात्पर्य : आधी पाठ टेकायला जागा द्यावी, मग हातपाय आपोआप कामाला लागतात. हे मी मोठ्या ऐटीत कावळ्याला ऐकवलं, तर तो म्हणतो कसा, "आजोबा, तुमच्या त्या कुलूप लावलेल्या मागच्या खोलीत कोण राहतं?"