शिवेवरचे जेवण

हिवरदरा नावाच्या गावात नागोजी नावाचा एक हुशार तरुण राहत होता. गावाला त्याच्या हुशारीचे कौतुक होते आणि खुद्द नागोजीला तर गावाहून जास्त.

हिवरदऱ्याला लागूनच कोंडमाळ हे गाव होते. नागोजीची धाकटी बहीण साळू तिथे दिलेली होती. दोन्ही गावांच्या शिवेवर, एका हिवराच्या झाडाखाली, एक जुना दगड उभा होता. त्यावर गाय आणि तिला लुचणारे वासरू कोरलेले होते. दगड कोणी रोवला हे कोणालाच सांगता येत नसे. पण मार्गशीर्षात सुगी घरात आली की दोन्ही गावे त्या दगडापाशी जेवायला जमत. त्या जेवणाचा नियम मोठा गमतीचा होता. त्या दिवशी आपल्या चुलीवरचे आपण खायचे नाही, शिवेपलीकडच्या घरचे खायचे. हिवरदऱ्याच्या भाकऱ्या कोंडमाळ खाई आणि कोंडमाळचे भरीत हिवरदरा खाई. वर्षभर बांधावरून कितीही कचाकचा भांडलेले असोत, त्या दिवशी समोरच्याच्या हातचे खावे लागे, नाहीतर उपाशी राहावे लागे. आणि कोणाच्या हातचे पोटभर जेवल्यावर त्याच्याशी जुने भांडण उकरून काढायचा माणसाला कंटाळाच येतो.

नागोजी राजनगरला गेला आणि सिंहकेत राजाचा कारभारी झाला. सिंहकेत तेव्हा एकामागून एक मुलूख जिंकत सुटला होता. पण त्याच्या मनाला एक गोष्ट सलत होती.

एकदा भर दरबारात तो म्हणाला, "नागोजी, एवढा मुलूख जिंकला, पण कोणालाही विचारा, तो आपल्या गावाचंच नाव सांगतो. मी सिंहकेताच्या राज्यातला, असं एकजण म्हणत नाही."

नागोजी म्हणाला, "महाराज, गावोगावच्या शिवेवरचे दगड उपटून आणू. दरबाराच्या चौकात फरशीसारखे बसवू. शिवाच उरल्या नाहीत, की माणसं आपोआप एक होतील."

राजा खूश झाला. आपल्या पायाखाली साऱ्या मुलखाच्या शिवा, ही कल्पना कोणत्या राजाला आवडणार नाही? हत्ती निघाले, दोरखंड निघाले, आणि गावोगावचे दगड राजनगराकडे चालू लागले. नागोजी काही दुष्ट माणूस नव्हता. आपण लोकांचे भलेच करतो आहोत असे त्याला अगदी मनापासून वाटत होते. दुष्ट असता तर निदान त्याला कोणीतरी वेळीच अडवले असते.

हिवरदऱ्याची पाळी आली तेव्हा राजाला आठवण झाली. तो म्हणाला, "हे तर तुझं गाव. राहू दे तिथला दगड. एका दगडाने काय बिघडतंय?"

सगळा दरबार नागोजीकडे पाहू लागला. शिवेवरचे जेवण त्याला आठवले. साळूच्या सासूच्या हातच्या भरिताची चवसुद्धा आठवली. पण इतके डोळे आपल्यावर खिळले आहेत हेही त्याला दिसत होते.

"महाराज, हुकूम तो हुकूम," तो छाती काढून म्हणाला. "कारभाऱ्याचं गाव वगळलं तर लोक काय म्हणतील? मी जातीने जाऊन तो दगड आणतो."

दरबारात वाहवा झाली.

नागोजी हत्ती घेऊन आला तेव्हा साळू दगडाला पाठ लावून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "तुज्या राजाला दगडच पायजे असंल, तर समोर अख्खा डोंगर उभा हाय. ह्यो कशापायी नेतूस?"

"अगं वेडे, या दगडामुळंच तुझं गाव वेगळं आणि माझं वेगळं झालंय. हा गेला की आपण एक."

"एक तर आपण ह्येच्यापाशीच व्हतो रं. बाकी वरीसभर भांडतच असतो."

नागोजी हसला. बायकांना राज्यकारभारातले काय कळते, असे ते हसू होते. हत्तीने हिसका दिला. दगड निघाला आणि त्याबरोबर मुळे सुटलेले हिवराचे झाडही कोसळले. नागोजीचे लक्ष हत्तीवरच्या निशाणाकडे होते. निशाण वाऱ्यावर फार झोकात फडकत होते. खाली पडलेल्या खड्ड्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

त्या मार्गशीर्षात दोन्ही गावे सवयीने जमली. पण बसायचे कुठे? शिवेची अलीकडची बाजू कोणती, पलीकडची कोणती? कोणी म्हणाले, आता सगळेच एका राज्यातले, तर मग खायचे कोणाचे? थोडे हसणे झाले, थोडी वादावादी झाली आणि लोक आपापल्या टोपल्या उचलून घरी गेले. पुढल्या वर्षी थोडेच आले. नंतर कोणीच आले नाही; त्या दिवशी आपल्या चुलीवरचे खायचे नाही, ही सवय तेवढी उरली. तो खड्डा मातीने भरला आणि त्यावरून नांगर फिरला.

सिंहकेताचे राज्य मोठे झाले, मोठे होऊन होऊन जड झाले आणि शेवटी पडले. उभे करायला राजाचा जन्म गेला होता. मोडायला त्याच्या मुलांचे भांडण पुरले. एका मुलाने हिवरदरा घेतला, दुसऱ्याने कोंडमाळ. दोघांनीही गावकऱ्यांना दरडावून विचारले, "तुमची हद्द कुठवर? एक बोटभर जमीन सोडाल तर याद राखा!"

नोकरी गेलेला, केस पांढरे झालेला नागोजी गावी परतला, तेव्हा शेतात दोन तरुण कोयते घेऊन समोरासमोर उभे होते. एक त्याचा पुतण्या दौलू, दुसरा साळूचा मुलगा खेमा. दोघांच्या मागे आपापले गाव होते. नागोजी धावत जाऊन मधे पडला.

"काका, तुमीच उपटलाता न्हवं त्यो दगड?" दौलू ओरडला. "मग सांगा, कुठं व्हता?"

"व्हय मामा, तुमीच सांगा," खेमा म्हणाला. "तुमी सांगाल तितं आमी थांबू."

नागोजीने चहूकडे पाहिले. झाड नव्हते, खड्डा नव्हता, नुसती नांगरलेली जमीन होती. त्याने खूप आठवून पाहिले. त्याला फक्त निशाण आठवत होते.

"मला सांगता येत नाही रे पोरांनो," तो म्हणाला. "पण मी तो दगड परत आणतो. तोवर हात उचलू नका. माझी शपथ आहे."

राजनगरात आता गवत माजले होते. दरबाराच्या चौकात आणखी काही म्हातारी माणसे वाकून वाकून दगड शोधत फिरत होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. नागोजीला आपला दगड सापडला. दरबाऱ्यांच्या पायांनी घासून वासरू पुसून गेले होते. एकटी गाय मागे मान वळवून काहीतरी चाटत होती. नागोजी तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तो दगड गाडीत घालून परतला, तो नेमका शिवेवरच्या जेवणाचा दिवस होता. दोन्ही गावे धावत आली.

"हितं उतरवा!" हिवरदरा म्हणाला.

"तितं न्हाई, हिकडं!" कोंडमाळ म्हणाले.

गाडी कधी इकडे ओढली गेली, कधी तिकडे. त्या ओढाताणीत साळूच्या परसाजवळ चाक निखळले आणि दगड धाडकन खाली पडला. तो कोणालाच उचलता येईना, कारण एका गावाने हात लावला की दुसरे अडवी. मग व्हायचे तेच झाले. खेमाच्या कोयत्याने दौलूचा उजवा हात जन्माचा अधू झाला. त्यानंतर त्या दोन गावांत सोयरीक झाली नाही.

माणसे पांगल्यावर साळू भाकरी आणि भरीत घेऊन आली. नागोजी दगडाशी एकटाच बसला होता.

"खा, दादा. सकाळपासनं उपाशी हाईस."

नागोजीने भाकरी हातात घेतली आणि तो ती तशीच धरून राहिला.

"साळू," तो म्हणाला, "मी अलीकडं बसलोय का पलीकडं? हे मी खायचं, की नाही खायचं?"

साळूने पदर डोळ्यांना लावला. भाकरी गार होऊन गेली.

नागोजी गेला, साळूही गेली. पुढे समुद्रावरून आणखी एक साम्राज्य आले. त्याचे मोजणीदार साखळ्या घेऊन हिंडत हिंडत तिथवर पोचले. परसाजवळ एक कोरीव दगड पडलेला पाहून ते म्हणाले, "वा! जुनी खूण आयतीच सापडली. हीच हद्द." त्यांनी रेघ ओढली. त्यांचेही राज्य पुढे बुडाले, पण रेघ राहिली. आज त्या रेघेच्या अलीकडे एक देश आहे आणि पलीकडे दुसरा. मधे काटेरी तार आहे आणि दोन्हीकडे बंदूकवाले पहारेकरी. साळूचे घर तारेच्या एका बाजूला आले आणि तिची विहीर दुसऱ्या बाजूला.

दोन्ही गावांत मार्गशीर्षातल्या त्या एका दिवशी अजूनही चूल पेटत नाही. आपल्या घरचे खायचे नाही एवढे लोकांच्या लक्षात राहिले आहे, आणि पलीकडचे येत नाही. म्हणून त्या दिवशी सारे उपास करतात. मुले विचारतात, "आज आपण का जेवायचं नाही?" म्हातारी माणसे सांगतात, "पूर्वीपासून चालत आलंय, बाळा." यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नाही.

तात्पर्य: साम्राज्य एक दिवस बुडतेच, पण त्याने उपटलेल्या खुणांचे खड्डे त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. म्हणून लोकांनी जपलेली गोष्ट त्यांच्या भल्यासाठी म्हणून मोडायला जो निघतो, त्याने आधी तिच्यापाशी बसून त्यांच्याबरोबर एकदा जेवावे.