रिबकाबाईचा सरवा

प्रवरेच्या खोऱ्यात खांबवाडी नावाचे गाव आहे. तेथल्या ख्रिस्ती वस्तीत, देवळामागच्या झोपडीत, योनाथानबाबांनी आयुष्याची शेवटची वर्षे काढली. बाबा गरिबाघरी काही घेऊन गेले, की त्याच्याच पंगतीला बसून जेवत. "देणाऱ्याची मान ताठ आणि घेणाऱ्याची खाली, तर ते दान प्रभूपर्यंत पोचत नाही," असे ते म्हणत.

हे रिबकाबाईने मनावर घेतले होते. ती विधवा, बाजरीची एवढीशी पट्टी हाच तिचा आधार. कापणीच्या वेळी शेतात पडलेली कणसे वेचायला, म्हणजे सरव्याला, गोरगरीब बाया येत. सरवा म्हणजे काही भीक नव्हे. म्हणून रिबकाबाई कापता कापता भरलेली कणसे मुद्दाम खाली सोडी आणि मागे वळून पाहत नसे. कोण वेचते, हे तिलाही कळायला नको होते.

शेजारचे मत्तयराव पाटोळे मंडळीचे पंच. देवळात पोते दिले की स्वतःचे नाव पुकारून घेणार, आणि रानातले शेवटचे कणीससुद्धा गड्यांकडून टिपून घेणार! बांधावरून ते हसत, "अगं रिबके, विळा धरता येईना व्हय? निम्मं रान खालीच सांडलंय की!"

रिबकाबाई खाली मान घालून विळा चालवी, पण ते बोलणे तिला फार लागे.

एका वर्षी ऐन कापणीत आभाळ भरून आले. गावातले सगळे मजूर मत्तयरावांनी आधीच लावले होते. त्यांची कणसे खळ्यावर पोचली. रिबकाबाईचे पीक मात्र उभेच, आणि घरात जुना दाणा नाही. ती धावत बाबांकडे गेली.

"बाबा, पीक जातंय हो! वर्षभर खाऊ काय?"

बाबा म्हणाले, "बाये, तुझ्या रानावर किती जणींची चूल पेटते, ते प्रभूला ठाऊक आहे. चल."

बाबांनी बांधावर येऊन गुडघे टेकले, हात जोडले. आणि काय नवल! पाऊस कोसळला, ओढा फुगला, मत्तयरावांचे खळे पाण्याखाली गेले. पण रिबकाबाईच्या पट्टीत थेंब पडला नाही. बाबांचा एक खांदा चिंब भिजला आणि दुसरा कोरडाच राहिला!

पाऊस थांबताच सरव्याच्या बाया विळे घेऊन आपणहून कापणीला आल्या. रिबकाबाईला रडू आवरेना. "प्रभू, किती केलंस रे माझ्यासाठी!"

इकडे मत्तयरावांच्या कणसांना मोड फुटले. जुनी बाजरी त्यांनी तेजीत विकून तो पैसाही मजुरीत घातलेला. आता बियाण्यापुरताही दाणा उरला नाही. मागायचे कोणत्या तोंडाने? शेवटी डोक्यावरून उपरणे घेऊन ते बायांच्या मागे सरव्याला आले. रिबकाबाईने त्यांना ओळखले. ती त्यांच्या पुढे जाऊन कापू लागली, आणि सगळ्यांत टपोरी कणसे खाली सोडत गेली.

मत्तयरावांनी एक कणीस उचलले. ते चुकून पडलेले नव्हते, हे त्यांना आज उमगले. ते बांधावर बसलेल्या बाबांच्या पायांशी कोसळले. "बाबा, जन्मभर नुसती पोती मोजून दिली. द्यायचं कसं, ते मला ठाऊकच नव्हतं."

"माझ्यापुढे कशाला वाकता?" बाबा म्हणाले. "ती बघा तिकडे."

मत्तयराव साऱ्या बायांदेखत रिबकाबाईसमोर आले. ती ओशाळून म्हणाली, "दादा, आधी सोगा भरून घ्या, दिवस मावळतोय." मत्तयरावांनी धोतराचा सोगा पसरला, पण त्याआधी जमिनीपर्यंत वाकून तिला नमस्कार केला.