मानाचं धोंडस

"मग हात बदलला का माझा, माई?"

गोदामाई मठाच्या पडवीत बसून झावळीचे हीर सोलत होत्या. केरसुणी करायची होती. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा?"

"माझा. हा. बघा." मंदाकाकीने उजवा हात त्यांच्या पुढ्यात धरला. "सत्तावीस वर्षं ह्याच हाताचं धोंडस तुम्ही खाल्लंत. चैत्रात माझे यजमान गेले. हात तोच आहे. मग यंदा काय झालं?"

माईंनी हात पाहिला. एक हीर सोलला. बाजूला ठेवला.

"नखं वाढल्येत," म्हणाल्या.

मंदाकाकीने हात मागे घेतला.

सड्यावरचा, डोंगराच्या सपाट माथ्यावरचा, हा मठ लहानसाच. माई तिथे चाळीस वर्षं एकट्या राहत. वयाची ऐंशी उलटली होती. अंगावर जाडंभरडं लुगडं, तोंडात चार दात, आणि बोलणं असं की खालच्या गावातले पुढारीसुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवत. मंदाकाकी त्यांच्याकडे वीस वर्षं येत होती. स्वतःला त्यांची शिष्या म्हणवत होती. माईंनी तिला कधी शिष्या म्हटलं नव्हतं. पण हाकललंही नव्हतं.

आश्विनात मठाच्या मूळ महाराजांची पुण्यतिथी असे. त्या सकाळी सगळा गाव मठात न्याहारीला बसे, आणि न्याहारीला धोंडस असे शिवलकरांच्या, म्हणजे मंदाकाकीच्या सासरच्या, घरचं. पाच पिढ्यांचा मान. जून, पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं, त्याच्याच पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा शिजवायचा, गूळ, खोबरं, मिठाची कणी. मग जाड पातेल्यात थापून खाली मंद विस्तव, झाकणावर निखारे. मंदाकाकीला हे सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. कागदावर कधी कुणी लिहिलं नाही. आणि मंदाकाकीसारखं धोंडस आजवर त्या घरात कुणाला जमलं नाही, असं सगळे म्हणत. ती स्वतः तर जरा जास्तच म्हणे.

"कोण नको म्हणालं तुला?" माईंनी विचारलं.

"कुणीच नाही! तेच तर…" तिचा आवाज चढला. "नको म्हणाले असते तर भांडले असते. प्रभाक्का आल्या घरी. माझ्या थोरल्या जाऊबाई. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, मंदा, तुझं वर्ष वाईट गेलं, दमलीस तू, यंदा आमची शर्वरी करेल. सून नवी आहे, तिलाही हौस. मी म्हटलं, मी दमलेली नाही. तर म्हणाल्या, तसं नव्हे गो… आणि गप्प झाल्या. आणि जाताना पातेलं घेऊन गेल्या. तांब्याचं, सासूबाईंचं. कल्हई करून आणते म्हणाल्या."

"आणली कल्हई?"

"त्यांच्याच घरात आहे पातेलं."

माई हीर सोलत राहिल्या.

"विधवेचा हात नको, एवढंच म्हणायचं होतं त्यांना," मंदाकाकी म्हणाली. "तेवढंही तोंडावर म्हणवलं नाही. दमलीस म्हणे! मी अजून तवशाचा अख्खा मांडव एकटी बांधते."

"बरं."

"बरं काय माई? तुम्ही एक शब्द टाका. गाव तुमचं मोडत नाही. मंदाच करेल, एवढं म्हणा. बस."

माईंचे हात थांबले.

"नाही म्हणणार."

"…का?"

"मी म्हटलं तर ते माझं धोंडस होईल."

वीस वर्षांत मंदाकाकी ह्या बाईकडे काही मागायला आली नव्हती. नवरा आजारी होता तेव्हाही नाही. आज पहिल्यांदा मागितलं, आणि…

ती उठली. पदर खोचला.

"आणि ऐक," माई म्हणाल्या. "इथे घेऊन येऊ नकोस."

"काय?"

"धोंडस. परवा इथे आणू नकोस."

"तुम्ही सांगताय? तुम्ही?"

"मी सांगत्ये."

समोर गुरू बसलेली, आणि मंदाकाकीला त्या क्षणी त्या सोललेल्या हिरांचा जुडगा उचलून दूर भिरकावून द्यावासा वाटला.

"मग मी आणणार," ती म्हणाली.

वीस वर्षांत पहिल्यांदाच ती माईंच्या पाया न पडता पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मागच्या दाराशी शर्वरी उभी होती. प्रभाक्कांची सून, लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. हाताला तवशाचा वास.

"काकी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"रव्याला पाणी किती घालायचं? मी काल करून बघितलं. अगदी लापशी झाली."

एका शब्दाचं काम होतं. एका तवशाला तांब्याभर पाणी, एवढं म्हटलं असतं, तर उद्या भरल्या मठात प्रभाक्कांच्या पातेल्यातून चमच्याने खायची पाळी आली असती. सगळ्या गावाला कळलं असतं, हात कुणाचा आणि मान कुणाचा.

मंदाकाकीच्या जिभेवर आलं होतं ते.

"पाणी घालायचं नाहीच," ती म्हणाली. "थेंबसुद्धा नाही. तवशाला सुटतं तेवढंच. आणि रवा तुपावर लाल होऊ देऊ नकोस, नुसता वास सुटला की उतरव."

शर्वरी तिथेच घुटमळली.

"काकी… मला नको होतं हे. खरंच."

"नको होतं तर नको म्हणायचं होतंस."

पोरीचे डोळे भरले. मंदाकाकीने तिची समजूत घातली नाही. दार मात्र तिने स्वतः लोटलं नाही. शर्वरी वळून गेल्यावरही ते बराच वेळ उघडं होतं.

पुण्यतिथीच्या दिवशी मंदाकाकी पहाटे उठली. परसात तीन दगड मांडले. तांब्याचं पातेलं नव्हतं, म्हणून रोजच्या भाताचा ॲल्युमिनियमचा टोप घेतला, तळाला आणि कडेने केळीचं पान लावलं. किसलेलं तवसं हाताने पिळून पाहिलं. आता चव घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. दरवर्षी कालवलेल्या पिठाचं बोट चाटून तिचे यजमान महादेव म्हणायचे, गूळ अजून. दरवर्षी तेच, गूळ कितीही असला तरी. आणि ती दरवर्षी चिडायची.

तिने स्वतःचं बोट चाटलं.

मग उठून आणखी एक मूठ गूळ घातला.

करवंट्या पेटवल्या. धूर डोळ्यांत गेला. झाकणावर निखारे रचताना एक निखारा दोनदा निसटला, आणि तिला स्वतःचाच राग आला. आपण भितो आहोत? कुणाला? जावेला? गावाला? की त्या चार दातांच्या म्हातारीला, जिने तोंडावर नको म्हणून सांगितलं?

तिघांनाही, हे तिला कळलं. तरी तिने निखारे नीट रचले.

टोप फडक्यात गुंडाळून तिने डोक्यावर घेतला. मठाला वर जायला मागच्या बाजूने एक पाऊलवाट होती, काजूच्या बागेतून. तिथून गेली असती तर कुणी पाहिलं नसतं. ती बाजारातून गेली. पिठाच्या गिरणीसमोरून, सोसायटीसमोरून, जिथे सकाळी माणसं उभी असतात तिथून. गुळाचा वास तिच्या मागोमाग चालला होता. गिरणीतली सुनंदा बाहेर आली, "काकी, अहो, आज तिकडे…" म्हणाली.

"आज तिकडेच," मंदाकाकी म्हणाली.

मठात पंगत बसली होती. पत्रावळी मांडलेल्या. माई मधल्या खांबाला टेकून पाटावर. त्यांच्यासमोर तांब्याचं पातेलं, लखलखीत. कल्हई खरंच झाली होती. शेजारी नवी साडी नेसलेली शर्वरी, हातात सुरी घेऊन अवघडून उभी.

मंदाकाकी आत आली तशी बोलणी एकेक करून थांबली.

प्रभाक्का लगबगीने पुढे आल्या. चेहऱ्यावर हसू होतं, आवाज दबका.

"मंदा, हे काय गो? सगळ्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखतच, अक्का."

"अगो, तुला कुणी काही म्हटलं का? आम्ही तुझ्याच काळजीने…"

"काळजी पावली. बाजूला व्हा, टोप गरम आहे."

मठाची व्यवस्था बघणारे अनंतभाऊ उठले. भला माणूस, कुणाला दुखवायचं त्यांच्या जिवावर येई. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही माईंशी बोलला होतात ना? त्यांचं काय मत पडलं?"

हे त्यांनी तिला वाट मोकळी करून द्यायलाच विचारलं होतं. माई हो म्हणाल्या, एवढं म्हटलं असतं तरी माई गप्प राहिल्या असत्या कदाचित.

"आणू नको म्हणाल्या," मंदाकाकी म्हणाली.

पंगतीत कुजबुज उठली.

"आणि तरी तुम्ही आणलंत?"

"तरी आणलं."

तिने टोप डोक्यावरून उतरवला. तांब्याच्या पातेल्याशेजारी, माईंच्या पुढ्यात ठेवला. काळा पडलेला, एका बाजूने चेपलेला टोप. आता माईंच्या नजरेला नजर द्यावीच लागली.

"मी नको म्हटलं होतं," माई म्हणाल्या.

"हो."

"तोंडावर सांगितलं होतं तुला."

"हो."

"मग?"

मंदाकाकीने टोपाभोवतीचं फडकं सोडलं.

"तुम्ही चुकलात, माई."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. अनंतभाऊ खाली बसले.

माईंनी आपली पत्रावळ उचलली, बाजूला सरकवली, आणि उजवा तळहात मंदाकाकीपुढे पसरला. उघडा. सुरकुतलेला.

"वाढ."

"…पत्रावळीवर?"

"हातावर. तुझ्या हाताने."

शर्वरीने सुरी पुढे केली. मंदाकाकीने कापलं, तुकडा बोटांनी उचलला आणि त्या तळहातावर ठेवला. माईंनी तो तोंडात घातला. चार दातांना वेळ लागतो. अख्खी पंगत त्यांच्या हलणाऱ्या हनुवटीकडे बघत होती.

"माई," प्रभाक्कांनी न राहवून विचारलं, "एकदा सांगा तरी. हे चालतं का?"

माई चावत होत्या. त्यांनी प्रभाक्कांकडे पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्यांत आधी हलली ती शर्वरी. तिने पंगतीतली एक रिकामी पत्रावळ घेतली आणि सासूच्या डोळ्यांदेखत जमिनीवर मांडी घातली.

"काकी, मला वाढा. तुमचं आधी."

"शर्वरी!" प्रभाक्का म्हणाल्या.

"नको म्हणायचं राहून गेलं होतं, आई," शर्वरी म्हणाली. ती उठली नाही.

मंदाकाकी वाढू लागली. सगळ्यांनी घेतलं असं नाही. सात-आठ जण पत्रावळ तशीच सोडून उठले, दोघींनी हात आडवा धरला. अनंतभाऊंनी घेतलं, पण खाल्लं नाही; पंगत उठेपर्यंत तसंच समोर ठेवून बसले. बाकीच्यांनी खाल्लं. गिरणीतली सुनंदा मागाहून धापा टाकत आली आणि तिने दोनदा मागून घेतलं. शर्वरीचं धोंडसही वाटलं गेलं. ते जरा कोरडं होतं, पण लापशी झाली नव्हती. प्रभाक्का खांबाआड उभ्या राहिल्या. त्या ना गेल्या, ना बसल्या.

टोपात तळाची खरवड तेवढी उरली, तेव्हा मंदाकाकीने सुरी खाली ठेवली. ती माईंच्या समोर जमिनीवर बसली. पदराने तोंड पुसलं. आता मात्र तिला रडू फुटत होतं, आणि ते आवरायची इच्छा नव्हती.

"माई," ती म्हणाली, "आता तरी सांगा. मी बरोबर केलं ना?"

माईंनी वाकून टोपातली खरवड बोटाने काढली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

…

"वरचे निखारे लवकर काढलेस गो."