पहिलवानाच्या चिंध्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना तेव्हा दातसुद्धा आले नव्हते.

एका राज्यात एक पहिलवान होता. दारातून आत जायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे, आणि तो जेवायला बसला की चुलीला घाम फुटे. आखाड्यात उतरून मांडी ठोकली, की तो एकच गर्जना करायचा, "चिंध्या करीन!" समोरचा निम्मा तिथंच गार व्हायचा. उरलेल्या निम्म्याला हा उचलून आपटायचा.

एकदा कुस्तीत त्याचा अंगठा मुरगळला. दुपारी तो नदीकाठी सावरीच्या झाडाखाली जाऊन बसला. हरलेल्या मल्लाच्या फाटक्या फेट्याची चिंधी जवळ होती, तीच त्याने अंगठ्याला गुंडाळली आणि वर दोऱ्याची गाठ मारली. बघतो तर काय! अंगठा कसला, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई! त्याने अंगठा हलवला. बाईने मान डोलावली.

"राम राम, बाई," पहिलवान हळूच म्हणाला.

बाईने पुन्हा मान डोलावली. पहिलवानाला इतकं हसू आलं, की दुखणं कुठल्या कुठं गेलं.

वर सावरीची बोंडं उकलली होती. कापूस तरंगत तरंगत खाली येत होता, जणू इवलेइवले ढग त्याच्या गुडघ्यावर टेकायला आले होते. त्याने तो गोळा केला, चिंधीत भरला. सुई त्याच्या बोटांत सापडेना, म्हणून पोती शिवायचा दाभण आणला. बाहुली झाली. मान वाकडी, एक हात लांब, तोंड फुगलेलं. थेट राजाच्या आत्याबाई!

मग रोज दुपारी तो तिथं जाऊ लागला. दाभण चालू झाला की नदी सावकाश वाहायची, ऊन कापसासारखं मऊ व्हायचं. डोळे अर्धे मिटले की त्याला दिसायचं, सगळ्या बाहुल्या पाण्यावरून पाय न भिजवता फेर धरून चालल्यात. एवढा दांडगा माणूस, पण श्वाससुद्धा जपून घ्यायचा. न जाणो, एखादी बिचकायची!

एके दिवशी वस्ताद पाठीमागे येऊन उभे राहिले.

"गड्या, हे काय?"

"बाहुली आहे, वस्ताद."

"ते मलाही दिसतंय! अरे, जत्रेत राजासमोर कुस्ती आहे तुझी. ही भानगड कुणाला कळली तर तुला भिणार कोण? राज्याच्या पहिल्या मल्लाचा मान जाईल. टाक नदीत सगळं!"

वस्ताद गेले. पहिलवानाने गाठोडं उचललं आणि पाण्याच्या कडेला उभा राहिला. शंभरांना आस्मान दाखवणारे हात, पण गाठोडं काही सुटेना.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर एक सुगरण पक्षी घरटं विणत लटकत होता. तो म्हणाला, "अहो दांडगोबा, पाणी काय कमी आहे, म्हणून डोळ्यातलं त्यात ओतताय?"

पहिलवानाने सगळं सांगितलं. पक्षी उलटा लटकूनच खदखदा हसला.

"मला काय म्हणतात, ठाऊक आहे? सुगरण! आणि मी चांगला बाप्या आहे. आमच्यात घरटं नरच विणतो. लोकांनी बाईचं नाव ठेवलं म्हणून मी विणणं सोडू? मग माझी बायको राहील कुठं, तुमच्या फेट्यात?"

पहिलवान गाठोडं घेऊन माघारी फिरला. पण लोकांची भीती काही गेली नाही. बाहुल्या त्याने सावरीच्या ढोलीत लपवल्या. ती पहिली, वाकड्या मानेची, तेवढी फेट्यात खोवून ठेवली.

जत्रेचा दिवस उजाडला. पहिलवान राजासमोर मुजऱ्याला वाकला, फेटा उतरवला, आणि पट्‌कन बाहुली लाल मातीत पडली.

आखाड्यात असा हशा उसळला, की हत्ती दचकले. राजाच्या आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांना चेहरा ओळखीचा वाटला.

"कुणाची रे बाहुली?" समोरच्या मल्लाने विचारलं.

वस्तादांनी खूण केली, नाही म्हण. पहिलवानाने मातीत पडलेल्या बाहुलीकडे पाहिलं. तिची मान वाकडीच होती, पण ती त्याच्याकडेच बघत होती.

"माझी," तो म्हणाला. "मीच केली." आणि माती झटकून त्याने ती वस्तादांच्या हातात दिली. "धरा जरा, वस्ताद. मान सांभाळा."

समोरच्याने मांडी ठोकली. "बाहुलीवाल्या, तुझ्या चिंध्या करीन!"

"कर बाबा," पहिलवान म्हणाला, "पण जरा मोठ्या कर. बारक्या तुकड्यांत घागरा बसत नाही."

समोरच्याला हसू फुटलं. दाबावं तर पोट हलायचं, पोट हललं की पकड सुटायची. पहिलवानाने तेवढ्यात डाव टाकला आणि त्याला चीत केलं. पाठ मातीला लागलेली, छातीवर हा डोंगर, आणि तो गडी हळूच कानात कुजबुजला, "दादा, माझ्या लेकीला एक करून देशील?"

पहिल्या मल्लाचा मान जागच्या जागी राहिला. त्या जत्रेपासून राज्यातले सगळे मल्ल आपले फाटके फेटे पहिलवानाच्या दारात आणून टाकू लागले. आणि तिथं कुणी रागाने "चिंध्या करीन" म्हणालं, की पोरी ओंजळ पुढं करून म्हणत, "करा, करा, लवकर द्या!"

बोध एवढाच: ज्या कामात आपला जीव रमतो ते आपण लपवतो तोवरच लोकांचं हसू बोचतं, आपलं म्हणून पुढं केलं, की तेच लोक ते मागायला येतात.