चोच लावू नये

फार वर्षांमागे बगळेशेठने पिंपळावर गॅलरी काढली. चार पाखरांची घरटी मांडली आणि पाटी लावली: ‘चोच लावू नये.’

त्यातले म्हाताऱ्या सुगरण पक्ष्याचे घरटे मोराने शोभेसाठी विकत मागितले. म्हातारा हो म्हणणार, तोच एक तरुण सुगरण आली आणि घरट्याची पात ओढू लागली.

“ए भवाने, चोच काढ!” शेठ ओरडला.

“ओढून पाहिल्याशिवाय अंडी कुठं घालू, शेठ?”

म्हाताऱ्याला आपली कारभारीण आठवली. तिने अशीच ओढून त्याने विणलेली तीन घरटी नापसंत केली होती. चौथ्यात त्यांची पिल्ले वाढली.

“शेठ, हे घरटं विकायचं नाही,” म्हातारा म्हणाला. “ओढ पोरी, जोरात ओढ. तुटलं तर पुन्हा विणीन.”