प्रचंडरावांची अर्धी ललकारी

भोरकसच्या प्रचंडराव महाराजांना ललकारीचा भारी सोस. चोपदाराने ती पुरी म्हटल्याशिवाय गादीला टेकायचं नाही, हा दंडक त्यांनीच घालून ठेवला होता.

एके सकाळी महाराज गादीपाशी आले आणि तुळोजी चोपदार गरजला, "त्रिभुवनाचे रक्षक, दीनांचे कैवारी..."

"थांबा, चोपदार!" अत्तरवाली राबियाबी पुढे आली. महाराज बसता बसता अर्धवट वाकलेलेच राहिले. "सरकार, ओढ्यापलीकडच्या राज्यात नमाज पढला म्हणून मुसलमानांची घरं जाळतायत. माझी बहीण लेकरं घेऊन रानात लपलीय. तिथल्या राजाला जाब विचारा."

"परक्या राज्यात आम्ही कशाला नाक खुपसू?" महाराज कण्हत म्हणाले. "ओढा ओलांडला की आमचा संबंध संपला."

"मग चोपदार, तेवढी दुरुस्ती करून म्हणा."

खुद्द महाराजांनी हद्द सांगितली, म्हणजे तुळोजीच्या लेखी तो हुकूमच. छाती फुगवून तो ओरडला, "ओढ्यापर्यंतच्या त्रिभुवनाचे रक्षक! अलीकडच्या काठावरच्या दीनांचे कैवारी!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांचे कान लाल झाले.

"गप्प! जुनीच म्हण! प्रधानजी, आत्ताच्या आत्ता त्या राजाकडे दूत धाडा. म्हणावं, यापुढे एकाही घराला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे!"

तुळोजीने पुन्हा तोंड उघडलं, तोच राबियाबीने हात वर केला.

"घाई नको, चोपदार. बहीण सुखरूप घरी पोचल्याचा निरोप येऊ द्या. मग म्हणा."

अख्खा दरबार टक लावून बघत होता. महाराजांनी गादीकडे पाहिलं, वाकलेल्या कमरेवर हात ठेवला आणि दाराकडे तोंड करून ते बोंबलले, "अरे, त्या दूताला सांगा, घोडा दामट!"