कानाचं पथ्य

“आता कानालाही पथ्य असतं का, बुवा?”

लहूनं विचारलं आणि हसला.

श्रावणातली एकादशी होती. सकाळची वेळ. लहू माळ घालून घ्यायला आला होता. तालुक्याच्या कॉलेजात शिकतो, होस्टेलवर राहतो. वीस-एकवीसचं वय. बुवांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ पडावी म्हणून पोरगं वर्षभर झटलं होतं.

अंबादासबुवा मठाच्या ओट्यावर बसले होते. माळ त्यांच्या मांडीवर होती. मी खाली तुळशींना पाणी घालत होतो. आज तीस वर्षं तेच करतोय.

बुवांनी त्याला फार काही विचारलं नव्हतं. “खाण्यापिण्याचं सगळं सांगितलंस. ऐकण्याबघण्याचं काय?” एवढंच म्हणाले होते.

लहूनं मान वाकडी केली. “मटण सोडलं. अंडं सोडलं. गुटखा सोडला, बुवा, तो काय सोपा होता? आता गाणी पण?”

बुवा त्याच्या ओठांकडं बघत होते.

बुवांचं असं आहे. डावा कान पाच वर्षांपूर्वी गेला. उजव्यात थोडं उरलंय, तेही दिवाळीपर्यंत जाईल असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून उजव्या कानात कापसाचा बोळा असतो. समोरचा बोलतो ते बुवा ओठांवरून ओळखतात. सकाळी गाईची धार काढताना बोळा काढतात, चरवीत दूध पडताना ऐकतात, परत घालतात. बोळ्यानं काही फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

बुवा म्हणाले, “पडतो. काढण्याआधी विचार करावा लागतो.”

असो.

“कसली गाणी?” बुवांनी विचारलं.

“असतात आपली. नाचायची. काही भाईगिरीची... थोड्या शिव्या असतात त्यात. पोरींवर जरा काहीबाही असतं. पण चाल अशी असते ना बुवा, पाय थांबत नाहीत!”

“आणि बघतोस काय?”

“तेच. छोटे छोटे व्हिडिओ. एक संपला की दुसरा आपोआप येतो.”

“तू बोलावतोस?”

“नाही. आपोआप.”

“बरं.”

लहूला वाटलं, आपलं पटलं. तो अजून रंगात आला. “ते थोडंच राहतं, बुवा? इकडून आलं, तिकडून गेलं.”

“येताना मी पाहिलंय,” बुवा म्हणाले. “जाताना कुणी पाहिलं?”



मला तहान लागली होती. ओट्यावर लहूच्या पिशवीशेजारी त्याचा पितळी पेला होता, पाण्यानं भरलेला. मी सहज हात घातला.

“आजोबा, थांबा थांबा!” लहू ओरडला. मग ओशाळला. “म्हणजे... प्या की. फक्त वरून प्या. तोंड नका लावू.”

त्याचं बरोबर होतं. मी कुठं कुठं जेवतो याचा काही नेम नाही. हे साऱ्या गावाला माहीत आहे. मी वरून प्यालो. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

बुवा बघत होते. त्यांनी लहूच्या गळ्याकडं बोट केलं. तिथं वायर लोंबत होती. तिच्या टोकांना कानात घालायची दोन पांढरी बोंडं.

“हे कुणाचं?”

“इयरफोन? मित्राचा आहे. खोलीत आम्ही चौघं. चौघंही वापरतो.”

“धुता का?”

“छे! धुतला तर बिघडेल की.”

बुवा हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला. लहूही हसायला लागला... आणि मध्येच थांबला. पेल्याकडं बघितलं. वायरीकडं बघितलं. वायर हळूच काढून खिशात घातली.

“चिडलास?” बुवांनी विचारलं.

“नाही. पण बुवा, तुम्ही मला माळ देणार नाही, असं सरळ सांगा ना. उगाच का फिरवताय? आई घरून निघालीये. माळ घातलेली बघायची म्हणून. दहाच्या गाडीनं येईल. तिला काय सांगू?”

बुवांनी कानाकडं हात नेला. बोळा काढला आणि मांडीवर माळेजवळ ठेवला.

मी झारी खाली ठेवली. धारेची वेळ सोडून त्यांनी बोळा काढलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

“ये, जवळ बस. उजव्या अंगाला. एक गाणं लाव.”

“मी?”

“तूच. येताना वाटेत ऐकत होतास, त्यातलं कुठलंही लाव. तुला फार आवडतं ते.”

लहूचा चेहरा उजळला. त्यानं मोबाईल काढला. “थांबा, मोठ्या आवाजात लावतो. एकदा ऐकाच तुम्ही.”

“एकच लाव. आणि नीट बघून लाव.” बुवा हळू बोलत होते. “कान मिटला की आत जे असेल तेच वाजत राहतं. डावा मिटला, त्याला पाच वर्षं झाली. त्या बाजूला माझी आई बसलीये. जात्यावर. रोज पहाटे दळते. ती जाऊन चाळीस वर्षं झाली... पण दळते.”

लहूचं बोट मोबाईलवर थांबलं.

“आणि तिच्या शेजारी एक शिवी आहे.”

“शिवी?”

“तुझ्याएवढा होतो. तमाशाचा तंबू लागला होता. बाहेर एक जण बाईला म्हणाला. घाण शिवी, पण अशी ठेक्यात म्हणाला की सगळे हसले. मीही हसलो.” बुवा थांबले. “पन्नास वर्षं झाली. रोज पहाटे आई जात्यावर बसते, आणि ती शिवी येऊन तिच्याजवळ बसते. आता आईला कसं सांगू, जरा सरकून बस म्हणून?”

लहूनं मोबाईलकडं बघितलं. अंगठ्यानं यादी वर सारली. अजून वर. मला वाचता येत नाही, पण यादी लांब होती, एवढं दिसत होतं. एका जागी अंगठा थांबला. खाली येणार, तेवढ्यात मागं फिरला. मग पुढं. मग परत...

गोठ्यातली गाय हंबरली. बुवांनी तिकडं मान वळवली, जसं कुणी नाव घेऊन हाक मारली.

लहूनं मोबाईल पालथा ठेवला.

“यातलं काही नाही, बुवा.”

“का रे? चाल चांगली असते म्हणालास.”

“तुमच्यासाठी नको.”

“आणि तुझ्यासाठी?”

लहूनं नाक पुसलं. मग म्हणाला, “मग मला काही येतच नाही, बुवा. जे आहे ते सगळं याच्यातच आहे.”

“मोबाईल घेतला कधी?”

“दहावीनंतर.”

“त्याच्या आधी घरात आवाज नव्हता?”

“कसला आवाज असणार? आई भाकरी थापायची. तेवढाच.”

“हं.”

“थापताना विठ्ठल विठ्ठल म्हणायची. प्रत्येक थापेला एक. गाणं नव्हे ते. मी चुलीपाशी बसून मोजायचो. एका भाकरीला किती विठ्ठल लागतात ते.”

“किती लागायचे?”

“भूक लागली असली की कमी लागायचे.” लहू हसला. डोळ्यांत पाणी होतं. “मुद्दाम लवकर थापायची माझ्यासाठी.”

बुवा उजव्या कुशीला कलले. कान त्याच्या तोंडाशी आणला. एवढा म्हातारा माणूस, लेकरानं गुपित ऐकायला वाकावं तसा वाकला.

“ऐकव.”

लहूनं दोन्ही हात पुढं केले. एका तळव्यावर दुसरा तळवा मारला, भाकरी फिरवत थापतात तसा. थप. विठ्ठल. थप. विठ्ठल. आधी लाजला, आवाज चोरून काढत होता. मग लय सापडली. डोळे मिटले. त्याचा आवाज काही गोड नाही, जरा घोगराच आहे. पण मी तुळशीपाशी उभा राहून ऐकत होतो, आणि मला भूक लागली. एकादशी असून.

भाकरी झाली तसा तो थांबला.

बुवा तसेच वाकलेले. मग त्यांनी घाईघाईनं मांडीवरचा बोळा उचलला आणि कानात घातला. तव्यावरून उतरलेली भाकरी बाई लगेच फडक्यात गुंडाळते ना, निवू नये म्हणून. तसं.

माळ उचलली. लहूनं मान पुढं केली. बुवांनी माळ आधी त्याच्या उजव्या कानाला लावली. मग डाव्या. आणि मग गळ्यात घातली.

लहूनं पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठला नाही. फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. त्याची आई उतरत होती, हातात फराळाचा डबा, डोक्यावरचा पदर सावरत. तो उठला, तिच्याकडं धावला. अर्ध्या वाटेतून परत आला. बुवांना ओठ नीट दिसावेत म्हणून समोर उकिडवा बसला.

“बुवा... ती शिवी गेली का?”

बुवांनी डाव्या कानावर हात ठेवला. थोडा वेळ ऐकलं.

“नाही रे,” म्हणाले. “पण आता आईला तुझ्या आईची सोबत झाली.”